मेल्यावर काळी पडलेली नवरी

देवपूरच्या कॉलेजात असताना आमच्या वर्गाने कॉलेजच्या स्पर्धेसाठी भुताची एक शॉर्ट फिल्म केली. त्यातलं भूत मी होते.

दिग्दर्शक जळगावच्या एका डॉक्टरांचा मुलगा. कॅमेरा त्याचा, म्हणून दिग्दर्शक तो; बाकीची पात्रता कुणी विचारली नाही. एका जुन्या दिवाळी अंकातली भयकथा त्याने उचलली होती. तिच्यात कोकणातलं घर होतं, धो धो पाऊस होता, माजघरात कंदील होता. आमच्याकडे काय, तर एप्रिलचं ऊन आणि नशिराबादजवळची त्याच्या काकांची केळीची बाग. कथा इकडे कशी वळवायची यावर वर्गात बराच खल झाला. मी म्हटलं, आखाजी घ्या. आखाजीला आपल्याकडे सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. एका नवरीला न्यायला तिचा भाऊ येतच नाही. ती विहिरीत उडी घेते, आणि मग दर आखाजीला रिकामा झोका आपोआप हलतो. मग दिग्दर्शक म्हणाला, "एक्झॅक्टली, हेच माझ्या डोक्यात होतं."

नवरी आणि तिचं भूत म्हणजे बाई एकच, तेव्हा दोन्ही कामं एकीनेच करायची, हे मी धरून चालले होते. आणि ती एक मीच, हेही. एकांकिकांमध्ये वर्गाची लाज आजवर मीच राखली होती. पण नवरी म्हणून त्याने वर्गातली सगळ्यांत गोरी मुलगी घेतली आणि भूत म्हणून मला. मी विचारलं, आमचे चेहरे कुठे जुळतात? तो अगदी शांतपणे म्हणाला, "मेल्यावर माणूस काळं पडतं ना." वर्ग खो खो हसला. मीही हसले. काळी तर होतेच, वर खडूस म्हणवून घ्यायची माझी तयारी नव्हती.

तरी मी काम सोडलं नाही, ते आईसाठी. माझ्या जन्मापासून ती माझ्या रंगाशी भांडत आलेली. हळद-बेसन झालं, साय झाली, मसुराच्या डाळीचं पीठ झालं. पाहुणे आले की त्यांनी म्हणायच्या आत हीच म्हणायची, "पोर गुणी शे. रंग तेवढा बापवर गया." मला एवढंच हवं होतं, की एकदा मोठ्या पडद्यावर माझा चेहरा तिने बघावा आणि छान म्हणावं. भूत तर भूत.

मुलींच्या होस्टेलचं फाटक संध्याकाळीच बंद व्हायचं, म्हणून भुताची रात्र आम्ही भर दुपारी शूट केली. नंतर चित्र निळं-काळं करायचं की झाली रात्र. साखरेच्या पाकात खायचा लाल रंग कालवून रक्त केलं होतं. त्याला मुंग्या लागल्या आणि माझ्या मानेवरून फिरायला लागल्या. हलायचं नाही, भूत स्थिर दिसलं पाहिजे. नवरीच्या डोक्यावर छत्री धरायला दोघे जण होते. मी सावलीला सरकले तर दिग्दर्शक म्हणाला, "तू काय आणखी रापणार आहेस?" त्याला हा विनोद वाटला. बाकीच्यांनाही वाटला.

पेच पडला तो नवरीच्या बोलण्याचा. ही मुलगी बातम्या द्यायला बसल्यासारखी मराठी बोलायची, आणि दिग्दर्शकाला आता अस्सल अहिराणी हवी होती. हिच्या तोंडी अहिराणी म्हणजे पुरणपोळीवर ठेचा. शेवटी आवाज माझा घ्यायचा ठरला. वर्गातल्या एकाच्या वडिलांचं शिरपूरला जिनिंग होतं. तिथे कापसाच्या गाठींच्या मधे मला उभं केलं, कारण कापूस आवाज घुमू देत नाही. नाकातोंडात तंतू जात होते. मी आमच्या गावच्या बायका बोलतात तसं एका दमात बोलले, "भाऊ, माले लेवाले ये ना. आखाजी उनी, बठ्ठ्या पोरी माहेरले उन्यात. मना झोका रिकामा शे."

दिग्दर्शकाने डोळे पुसले. मग म्हणाला, "श्रेयनामावलीत आवाजाचं नाव टाकायला नको. परीक्षकांना कळलं तर तिचं अभिनयाचं बक्षीस जाईल."

कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवली त्या दिवशी आई गावाहून एसटीने आली. ठेवणीतलं पातळ नेसून माझ्या शेजारी बसली. पडद्यावरची नवरी बोलू लागली आणि पहिल्याच शब्दाला आईने माझा हात घट्ट धरला. तिने आवाज ओळखला होता. मागे बसलेल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. मला फार, फार आनंद झाला.

मग भूत आलं. निळ्या अंधारात माझे नुसते डोळे आणि दात दिसत होते. आधी एक शिट्टी आली, मग कुणीतरी ओरडलं, "अरे, ही तर मेकअप न करताच आली!" हॉल हसून लोळला. आईने माझा हात सोडला.

अभिनयाचं बक्षीस गोरीला मिळालं. आयत्या बिळावर नागोबा. बाहेर आल्यावर आई तडक तिच्याकडे गेली, तिच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मुलगी बिचारी खरं बोलली, "काकू, आवाज तुमच्या मुलीचा आहे."

"माले माहीत शे," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. "तुना आवाजले आज रूप भेटनं व माय!"

मग तिला त्या मुलीबरोबर फोटो हवा होता. तो मी काढला.

दिग्दर्शकावरचा माझा राग केव्हाच ओसरला. मूर्खांवर माणूस किती दिवस चिडणार? आईवरचा ओसरत नाही. तिने मला घडवलं, शिकवलं, माझ्यासाठी उन्हातान्हाची एसटीत उभी राहून आली, हे सगळं मान्य करूनही नाही.

त्या दिवशी स्टँडवर आमच्या गावाची गाडी लागली होती. खिडकीतून रुमाल टाकून मी तिला जागा धरून दिली. ती बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि खिडकीतून वाकून हळूच म्हणाली, "आवाज तुना व्हता, हाई गावमा बठ्ठासले सांगसू. ते भूतनं मात्र कोनले सांगू नको."