आई असताना मुंडण

केमोच्या दुसऱ्या डोसनंतर सकाळी मी उठायचो आणि माझे केस उशीवरच राहायचे. नर्सबाईंनी आधीच बजावलं होतं, तरी मी हट्टाने कंगवा फिरवत होतो. शेवटी वरणात केस सापडला तेव्हा बायको म्हणाली, "आता काढूनच टाका."

आईला यातलं काही माहीत नव्हतं. माझ्या पोटातल्या कॅन्सरच्या गाठीला आम्ही अल्सर म्हणत होतो आणि परभणीच्या खेपांना तपासणी. ऐंशीच्या बाईला हे झेपायचं नाही, असं माझं ठाम मत होतं. घरचे निमूट खोटं बोलत, कारण आजाऱ्याशी वाद कोण घालणार?

उष्णतेने केस गेले असं सांगायचं ठरवून मी पिंगळीच्या न्हाव्याकडे गेलो. केमोने तोंड आतून सोललेलं होतं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू होत्या, पण एका शब्दावर दुसरा काढणं म्हणजे शिक्षा. सगळे केस काढायचे म्हटल्यावर न्हाव्याने आवाज खाली आणला. "कोण, सर? आई का वडील?"

वडील जाऊन वीस वर्षं झालेली. मला वाटलं, घरी कोण असतं ते विचारतोय. म्हणालो, "आई."

त्याने मोबाईलवरची गाणी बंद केली आणि न विचारता माझी मिशीही उतरवली. केसांपेक्षा मिशीचंच मला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोखर्णीहून मामा आले, ते दारातूनच तणतणत. "माझी बहीण गेली आन् मला न्हाव्याकडून कळावं? तोंड तरी बघू द्यायचं व्हतं."

ती बहीण, म्हणजे माझी आई, ओसरीत तूर निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. "बघ की मंग."

मामा मटकन खाली बसले. त्यांनी बहिणीला माहेरचं शेवटचं म्हणून नवं लुगडं आणलं होतं. आईने ते हातातून काढून घेतलं, पदर उलगडून पाहिला आणि म्हणाली, "रंग बरा हाय. जित्तेपणी असं कवा आणलं न्हाईस."

चहा पिऊन मामा गेले. आईने मला समोर बसवलं.

"अल्सरनं मिशी जाती व्हय रे?"

माझा हात मिशीच्या जागेवर गेला.

"दवाखान्याचा कागद मी नातीकडून कवाच वाचून घेतला. तुला वाटायलंय म्हातारीला झेपायचं न्हाई, म्हून मीबी गप ऱ्हायले."

इतके दिवस मी तिला जपत होतो असं मला वाटत होतं, आणि ती मला जपत होती. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त हायसं वाटलं. मी तिच्यासमोर लहान पोरासारखा रडलो. तिने रडू दिलं, मग माझ्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला.

"हे मुंडण मी धरत न्हाई," ती म्हणाली. "केस वाढीव. मी गेल्यावर तुलाच काढायचेत."