अप्पा गप्प झाले की

दुपारी गॅलरीत वाळत घातलेली चादर वाऱ्याने अशी फुगली, की चिमटे तटातटा सुटले. माणिकपूरच्या आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण श्रावणात पश्चिमेचा वारा इमारतींमधून वाट काढत येतोच. माझे वडील, अप्पा, खुर्चीत बसून त्या चादरीकडे बघत होते आणि काही बोलत नव्हते. अप्पांचं गप्प बसणं आमच्या घरात कधीच साधं नव्हतं.

कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर अप्पांची एक लहानशी होडी आहे. माणूस बँकेतला, घरची केळीची वाडी, मासळीशी संबंध ताटापुरता. पण हौसेने एक जुनी होडी घेतली, तिला शीड चढवलं आणि सगळे रविवार तिला देऊन टाकले. आई साताऱ्याकडची, तिने पाणी पाहिलेलं ते विहिरीतलं. तरीही शीड कधी आखडायचं, म्हणजे थोडं उतरवून खालचा भाग गुंडाळून बांधायचा, हे ठरवायचा मान तिचा. सुकाणू अप्पांकडे आणि हुकूम आईकडे! किनाऱ्यावरची मंडळी या कारभाराला मनमुराद हसत.

आईला ना लाटा कळत, ना ढग. तिला अप्पा कळत. सुकाणू धरून ते अखंड बोलत: साहेबांची नक्कल, केळीवरची कीड, कुणाच्या लग्नात कुणी किती जिलब्या रिचवल्या. वारा चढून होडी कलू लागली की बोलणं मध्येच तुटे. आई खाऊचा डबा मिटून म्हणे, "अहो, आखडा आता." "एवढ्यात? काय वारा तरी आहे?" असं कुरकुरत अप्पा उठत, आई सुकाणू धरी, मी दोऱ्या बांधू लागे. होडी सावरली की जिलब्या पुन्हा सुरू. ती कुरकुर मला फार आवडायची.

आई गेल्यानंतर पहिल्यांदा होडी काढली तेव्हा तिच्या जागेवर मी बसले. अप्पा किनारा सोडल्यापासूनच गप्प. ही शांतता आईची की वाऱ्याची, मला उमगेना. शेवटी कडेवरून पाणी आत आलं तेव्हा मी ओरडले, "अप्पा, आखडा!" ते मुकाट्याने उठले. गाठी मारून झाल्यावर म्हणाले, "उशीर केलास. तुझी आई केव्हाच बोलली असती."

"मग तुम्हीच का नाही आखडलंत?"

"भरलेलं शीड आपल्या हाताने उतरवायला माझं मनच होत नाही गं. म्हणून तर गप्प व्हायचो. तिला ठाऊक होतं."

म्हणजे ती कुरकुरही लटकीच! मला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

नारळी पौर्णिमा तोंडावर आली की होडीवरची ताडपत्री काढायची घाई अप्पांना असते. यंदा त्यांनी विषयच काढला नाही. गुडघे धरलेत, परवा जिन्यात थांबत थांबत वर आले. मलाही तो विषय काढवत नव्हता. होडी गेली तर आईची बसायची जागाही जाणार. पण माणूस गेला तरी त्याचं काम कुणाला तरी करावंच लागतं. मी चादरीची घडी घातली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"अप्पा, यंदापासून होडी नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एवढ्यात? काय झालंय मला?"

मग बराच वेळ कुरकुरले, चहा मागितला, आणि समोरच्यांच्या लग्नात कुणी किती जिलब्या खाल्ल्या ते सांगू लागले.