ड्रमवरचा सुधीर

ग्रामसभेत ॲम्प्लिफायर तापला आणि जळक्या धुळीचा वास आला. चंद्रपूरच्या कॉलेजात, गॅदरिंगला असाच वास होता. डोक्याची एक बाजू भादरून, शर्टाला सेफ्टी पिना टोचून मी आमच्या पंक बँडचं गाणं किंचाळत होते. सरांनी माइक बंद केला. ड्रमवरून सुधीर ओरडला, "थांबली काऊन वं? मी वाजवून राह्यलो ना!" मग मी गळा फाटेस्तोवर गायले. माइक त्यांचा, गळा आपला. माझं सारं राजकारण तिथूनच सुरू झालं.

आज डोंगरावरच्या खाणीविरुद्ध बोलायला उठले, आणि माइक बंद झाला. मी तशीच बोलत राहिले. सुधीर समोरच बसला होता, खाणवाल्यांची टोपी घालून, मान खाली घालून. कॉलेजात मी एकटीच भिडले, असं आजवर सांगत आले. आज बोलताना मागचा ड्रम ऐकू आला नाही.