जिवंत माणसाचा दहावा

संत्र्याच्या बागेला पाणी द्यायची पाळी माझी होती. एवढ्यावरून माझ्या चुलतभावानं मागून येऊन पावड्याचा दांडा माझ्या डोक्यात घातला. समोरून यायची हिंमत नव्हती मेल्याची! खापरखेड्याकडून बैलगाडीत टाकून मला नागपूरच्या दवाखान्यात आणलं. गोऱ्या सर्जननं फुटलेली हाडं वेचून काढली आणि काही महिन्यांनी त्या खळग्यावर चांदीची चकती बसवली.

मी गावात परतलो तेव्हा तो पारावर बसून हसत होता. तिथंच मी शपथ घेतली, हा मरेपर्यंत डोक्याला वस्तरा लावणार नाही.

केस मानेवर आले. वैशाखात चकती तापायची, डोकं भणभणायचं आणि मी मनातल्या मनात त्याला रोज नव्यानं मारायचो. मग चकतीखालून पू वाहू लागला. केसांमुळे कुणाला दिसला नाही. ताप चढल्यावर पुन्हा दवाखाना.

"बाल निकालो, नहीं तो मरेगा," सर्जन म्हणाला. चकती काढायची होती. मी न्हाव्याला हाकलून लावलं. काय बैल होतो मी! पण मरण परवडलं, शपथ मोडणं नाही, असंच वाटे.

दोन दिवसांनी माय गावचा न्हावी घेऊन आली.

"बाबू, तो गेला गा. साप चावला त्याले. आज दहावा हाये."

"काहून नाही सांगितलं मले?"

"तू तापात बरळून राहिला होता."

आमच्यात भावकीतला माणूस गेला की दहाव्याला पुरुष डोकं भादरतात, वैर असलं तरी. मी आनंदानं मान पुढं केली.

चकती निघाली, ताप उतरला. आठव्या दिवशी डोळे उघडले तर तो खाटेशी उभा! मायची मान खाली.

"मीच म्हटलं काकूले, मी मेलो म्हणून सांग," तो रडत म्हणाला. "आता तरी माफ कर गा."

त्यानं स्वतःचा दहावा घालू दिला होता. माझ्यासाठी. ते कळलं आणि माझं टाळकं आणखीच सटकलं.

"तुह्या नावानं डोकं भादरलं मी. तू मेला. आता निघ."

पुढं बावीस वर्षं मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. गेल्या महिन्यात तो खरोखर गेला. न्हावी दारात आला, तर म्हटलं, "त्याच्यासाठी मागेच भादरलं हाये."

चकती नसलेला तो खळगा अजून मऊ आहे. राग आला की धडधडतो. दहाव्याच्या दिवशी हात लावून पाहिला. तसाच धडधडत होता.