तीन क्रमांकाच्या दोन बस आणि सुमतीताई

सुमतीताई शितोळे यांची माझी पहिली भेट नोकरीच्या मुलाखतीत झाली. बडोद्यातल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या तेव्हाही सर्वांत ज्येष्ठ अभियंत्या होत्या. माझी गुणपत्रिका त्यांनी उघडलीच नाही. चहा घेऊन आलेल्या रमणभाईंना त्यांनी खुर्ची दिली आणि मला म्हणाल्या, "तुमचा प्रकल्प यांना समजावून सांगा. गुजरातीत." मी घाम पुसत सांगितले. रमणभाई म्हणाले, "समजाई गयुं, बेन." ताईंनी लगेच हात पुढे केला. "सोमवारपासून या."

ताईंच्या कामाचे क्षेत्र बाहेरच्यांना फारसे ठाऊक नसते. एका मोठ्या संगणकाच्या आत अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करता येतो. अशा प्रत्येक आभासी संगणकाला वाटते की आपल्या डिस्क फक्त आपल्याच आहेत. डिस्क ज्या मार्गाने जोडतात त्याला आमच्या धंद्यात बस म्हणतात आणि प्रत्येक बसला क्रमांक असतो. तो क्रमांक देणारा लहानसा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. असे ड्रायव्हर लिहिण्यात ताईंची हयात गेली.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी सावली गावाजवळच्या एका रुग्णालयातून तक्रार आली. एका विभागातल्या तपासण्यांची चित्रे मधूनच दुसऱ्या विभागाच्या डिस्कवर जात होती. डॉक्टरांच्या वेळीच लक्षात आले म्हणून कुणाला इजा झाली नाही. पण रुग्णालयाने आठवड्याची मुदत दिली. तोवर दोष सापडला नाही तर आमची यंत्रणा काढून टाकणार होते. डिस्कवर लिहिणारा भाग माझा होता. साहजिकच सगळ्यांची बोटे माझ्याकडे वळली. व्यवस्थापकांनी चूक कबूल केल्याचे पत्र टाइप करून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, "सही करा."

ताई दारात उभ्या होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "जी चूक आपल्याला दाखवता येत नाही, तिच्यावर कुणाची सही घेऊ नका."

पुढचे चार दिवस त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या. घडियाळी पोळ या जुन्या वस्तीतल्या घरून दोघींचा डबा आणायच्या आणि मी जेवल्याशिवाय संगणकाला हात लावू द्यायच्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी सर्वांना बोलावले. रुग्णालयाचे प्रतिनिधी पटेलभाईही आले होते.

ताईंनी आभासी संगणकाला तीन बस जोडल्या : एक, दोन, तीन. मग दुसरी काढली. "आता दोन उरल्या. आपला ड्रायव्हर उरलेल्या मोजतो आणि पुढचा आकडा देतो. बघा." त्यांनी नवी बस जोडली. तिला तीन क्रमांक मिळाला. पडद्यावर तीन क्रमांकाच्या दोन बस होत्या, आणि एकीकडे पाठवलेले चित्र आमच्या डोळ्यांदेखत दुसरीकडे गेले.

पटेलभाई पडद्याजवळ आले. चूक कुणाची, हे त्यांनी विचारले : "बेन, आ भूल कोनी?"

"मारी," ताई म्हणाल्या. "हे मोजणे मी लिहिले आहे, ही मुलगी इथे येण्याच्या कितीतरी आधी."

व्यवस्थापकांनी ते पत्र उचलले आणि फाडले. मला रडू कोसळले. ताई मात्र फळ्याकडे वळल्या होत्या. मी सुचवले, "सर्वांत मोठ्या आकड्यात एक मिळवला तर?" त्या म्हणाल्या, "आकडे वाढतच जातील आणि एक दिवस मर्यादा गाठतील. शिवाय दोन बस एकदम आल्या तर?" त्यांनी वापरातल्या क्रमांकांची नोंद ठेवणारी नवी रचना केली. मोकळा असेल तोच क्रमांक द्यायचा, एका वेळी एकालाच द्यायचा आणि बस पूर्ण निघाल्याशिवाय तो परत घ्यायचा नाही.

मुदत संपण्याच्या आदल्या दुपारी रुग्णालयात नवा ड्रायव्हर बसवला. आम्ही रात्रीपर्यंत बस जोडत होतो, काढत होतो. एकाच वेळी दोन बसना एकच क्रमांक एकदाही मिळाला नाही. पटेलभाईंनी तिथेच पेढे मागवले. ताईंनी पुढे ती रचना जगभर वापरल्या जाणाऱ्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या प्रणालीसाठी पाठवली. परदेशातल्या जाणकारांनी आठ वेळा शंका काढल्या, ताईंनी आठही वेळा शांतपणे उत्तरे दिली, आणि ती स्वीकारली गेली. आज आम्ही नावही न ऐकलेल्या गावांतले संगणक बडोद्याच्या एका बाईंनी लिहिलेल्या ओळींवर चालतात. हे लिहिताना माझी मान ताठ होते.

संस्थानी फौजेतल्या पणजोबांचा उल्लेख त्या क्वचित करतात, पण भांडण योग्य असेल तर माघार घ्यायची नाही, हे त्यांच्या रक्तात आहे. शहरातल्या वाडी भागातल्या मुलींसाठी त्या रविवारी विनामूल्य वर्ग घेतात. इंग्रजी येत नाही म्हणून लाजणाऱ्या मुलीला त्या सांगतात, "आधी मराठीत विचार कर, गुजरातीत बोल, मग यंत्राशी काय ते बघू."

ताई आता साठीच्या झाल्या. त्यांना उदंड आयुष्य मिळो, गुडघे जिना चढताना कुरकुर न करोत, नजर अशीच धारदार राहो. आणि ताई, निवृत्तीचा अर्ज तुम्ही दिलात असे ऐकते. आम्ही सगळ्यांनी मिळून तो नामंजूर केला आहे.