उलट्या ठेक्याचं गाणं

नागपूरच्या विमानतळावर बाबा मला सोडायला आले, तेव्हा त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि खिशाला पेन लावलं होतं. पोस्टात पत्रं निवडणारा सॉर्टर म्हणून तीस वर्षं काढलेल्या माणसाला पेनाशिवाय घराबाहेर पडणं जमत नसे. आई माझ्या बॅगेतल्या जवसाच्या चटणीचं झाकण घट्ट आहे का, हे तिसऱ्यांदा बघत होती. "आमच्या खानदानातली पहिलीच पोरगी विमानात बसून राहिली," असं तिने शेजारच्या अनोळखी बाईलाही सांगून टाकलं. बाबा एवढंच म्हणाले, "पोचली की फोन कर. घाबरून नको राहू."

मी घाबरले होतेच, पण त्यांना वाटत होतं त्या कारणाने नव्हे. कंपनीने मला इंग्लंडला पाठवलं हे खरं होतं. पण कुठल्या ऑफिसला जायचं हे विचारलं गेलं, तेव्हा रीडिंग नावाचं शहर मी मागून घेतलं होतं. कारण समीर तिथे होता, आणि समीरचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलेलंच नव्हतं. बाबांच्या पाया पडताना मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिले. वर बघितलं असतं तर बोलून गेले असते.

तुमच्यापैकी जे मागे राहिलात त्यांना वाटत असेल, बाहेर गेलेली माणसं फक्त सामान घेऊन जातात. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना ठाऊक आहे की न सांगितलेल्या गोष्टींचं वजन कुठल्याच काउंटरवर करत नाहीत.

समीर पुण्याचा. आमची ओळख पुण्याच्या ऑफिसातली, एका सॉफ्टवेअर टेस्टिंग टीममधली. तो हसवायचा. कुणाचीही नक्कल करायचा, आणि वरणभात असा करायचा की मला माझ्या आईचाही विसर पडावा. रीडिंगमध्ये स्टेशनपासून वीस मिनिटांवर, एका रांगेतल्या घराचा वरचा मजला आम्ही घेतला. घर तापवायचा बॉयलर कसा लावायचा, कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा, हे मला त्यानेच शिकवलं. फक्त एक गोष्ट त्याला जमत नव्हती. "पुढच्या महिन्यात घरी सांगतो," हे तो दर महिन्याला म्हणायचा. त्यावरून भांडण झालं की तो दार आपटून निघून जायचा. एक दिवस, कधी दोन दिवस मित्राकडे. मग पेट्रोल पंपावरची फुलं घेऊन परत. मी दार उघडायचे. फुलं पाण्यात ठेवायचे. पुन्हा पहिल्यापासून.

त्या उन्हाळ्यात एक गाणं सगळीकडे वाजत होतं. सुपरमार्केटमध्ये, बसड्रायव्हरच्या रेडिओवर, पोरांच्या मोबाइलमध्ये. गाणारी इथलीच पोरगी होती, पण ठेका कॅरिबियन बेटांवरचा. समीरने तर त्याची रिंगटोन घेतली होती. मला त्यातले शब्द कळायचे नाहीत. इथले उच्चार अजून कानांत बसायचे होते. पण ठेका मात्र पहिल्याच दिवशी पकडला. आपण एक, दोन, तीन, चार असं म्हणत टाळ्या वाजवल्या, तर त्यातली गिटार दोन टाळ्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत वाजते. आमच्या बाबांची गायनपार्टी होती. भीमजयंतीच्या दिवसांत ते वस्त्यावस्त्यांतून ढोलकी वाजवायचे, आणि मी पायरीवर बसून त्यांच्या हाताकडे बघत वाढले. त्यामुळे मला वाटलं, अरे, या लोकांनी ठेका उलटा घातलाय!

हे मी ऑफिसातल्या मार्शाला सांगितलं. मार्शाची आई जमैकाहून इथे नर्स म्हणून आलेली. मार्शा खूप हसली आणि म्हणाली, उलटा नाही, आमच्याकडे तोच सुलटा. रविवारी घर झाडताना तिची आई असलीच गाणी लावायची म्हणे. शब्द रडके, आणि पाय मात्र नाचायचे. शब्द काय आहेत, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

वॉटफर्डला मराठी लोकांचं स्नेहसंमेलन होतं, तिथे आम्ही दोघं गेलो. एका काकूंनी विचारलं, तेव्हा समीर म्हणाला, "ही आमच्या ऑफिसमधली." हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मीही मान डोलावली. कार्यक्रमाच्या शेवटी ते गाणं लागलं. सगळे नाचले. मीही नाचले.

जूनमध्ये समीरचे आईवडील येणार असं ठरलं. एका शनिवारी सकाळी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चारच आठवड्यांचा प्रश्न आहे. हाउन्सलोला एक बॉक्स रूम बघितलीय मी तुझ्यासाठी. डिसेंट आहे."

"बघूनही आलास?" मी विचारलं.

"तुला त्रास नको म्हणून."

मी गेले. याचं आज मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. मी एका शब्दाने भांडले नाही. माझे कपडे, माझा टूथब्रश, माझी उशीसुद्धा मी त्या घरातून उचलली. कुठे माझा केस सापडू नये म्हणून बाथरूम घासलं. आणि बॅग ओढत स्टेशनवर गेले.

हाउन्सलोच्या त्या घराच्या मालकीणबाई म्हणजे निर्मल आंटी. मूळच्या जालंधरच्या, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या. विमानतळाजवळ प्रवाशांच्या जेवणाचे ट्रे भरायचं काम करायच्या. खोली एवढीशी की दार उघडलं की पलंगाला लागायचं. दर दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जायचं आणि खिडकीची काच थरथरायची. मी बॅगेतून बुद्धाची लहानशी मूर्ती काढून खिडकीत ठेवली, तेव्हा चहा घेऊन आलेल्या आंटी दारातच थबकल्या. मूर्तीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि अगदी पंजाबी सुरात विचारलं, "जै भीम, बेटा?"

मी "जय भीम," म्हणाले आणि रडायलाच लागले. आंटींना वाटलं घरची आठवण आली. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिल्या.

हाउन्सलोहून बसने फेल्टम, तिथून ट्रेनने रीडिंग. रोज तास-दीड तास एका बाजूने. ट्रेनमध्ये मला एका जागी बसवत नसे. या डब्यातून त्या डब्यात जायचे. ऑफिसात समीर समोरच्या रांगेत बसायचा आणि आईबाबांना कुठे कुठे फिरवलं ते सांगायचा. मी ऐकायचे.

तिसऱ्या आठवड्यात मला माझे वर्क परमिटचे कागद लागले. ते त्या घरातच राहिले होते. समीर म्हणाला, रविवारी दुपारी ये, देतो. दार त्याच्या आईंनी उघडलं.

"ये गं, आत ये. समीर म्हणाला होता ऑफिसमधलं कुणीतरी येणार म्हणून."

आतून खमंग वास येत होता. गॅसवर माझा कुकर होता, नागपूरहून आणलेला, कानाशी किंचित चेपलेला. त्यांनी मला खुर्ची दिली, साबुदाण्याची खिचडी पुढे केली. नाव विचारलं, गाव विचारलं, मग सगळ्यांसारखंच आडनाव विचारलं.

"मेश्राम," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. किंवा बदललं असेल तर मी ते बघू शकले नाही, कारण मी समीरकडे बघत होते. तो लाल झाला होता. घाईघाईने कागदांचं पाकीट माझ्या हातात देत म्हणाला, "तिला ट्रेन पकडायचीय, आई."

"अरे, घास तरी खाऊ दे तिला! आत्ताच तर आलीये."

"नको, उशीर होईल तिला."

मला कुठलीच ट्रेन पकडायची नव्हती. मी खिचडीचा एक घास घेतला, "छान झालीय" म्हटलं आणि उठले. जिन्यात त्या मागून म्हणाल्या, "पुन्हा ये गं, निवांत ये." आजही मला त्या बाईंचा राग नाही. त्यांना संधीच मिळाली नाही, चांगलं वागायची किंवा वाईट वागायची. ती त्याने माझ्याकडून घेतली तशीच त्यांच्याकडूनही काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंटी आणि मी स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. रेडिओवर तेच गाणं लागलं. आंटी मान डोलवत गुणगुणायला लागल्या. मग म्हणाल्या, "इतने दिन से सुन रही हूँ. ये लड़की बोलती क्या है, बता तो."

एव्हाना मला इथले शब्द ऐकू यायला लागले होते. मी एकेक ओळ ऐकून हिंदीत सांगू लागले. म्हणजे असं आंटी, की इसका आदमी इसको छोड़के जाता है. फिर आता है. इसको मालूम है कि फिर जाएगा. तरी ही हसते आणि दरवाज़ा खोलती है. हर बार खोलती है.

सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला. आंटींच्या हातातला मटार तसाच राहिला.

"घर किसका है?" त्यांनी विचारलं.

"लड़की का."

"तो फिर ताला क्यों नहीं बदलती, पागल?"

आंटी गाण्यातल्या पोरीबद्दल बोलत होत्या. निदान मला तसं वाटलं. मग त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की त्यांना सगळं कळलंय, हे मला कळलं. मी त्यांना पहिल्यापासून सांगितलं. मराठीत, हिंदीत, जे तोंडात येईल त्यात. इंग्लंडात आल्यापासून ते मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

ते चार आठवडे संपले तेव्हा समीर हाउन्सलोला आला. दुपारची वेळ, हातात फुलं. "गेले आईबाबा. चल, घरी चल आता."

"कुणाच्या घरी, समीर?"

"असं काय करतेस? आपल्या."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगणार आहे ना. थोडा टाइम दे. तू पण ना, एकदम..."

"मी आता येणार नाही," मी म्हणाले. वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की ते खरं आहे. तो बराच वेळ बोलत राहिला. मग फुलं कुंपणाच्या भिंतीवर ठेवून गेला. मी दार लावलं.

गाण्यात असतं तसं मोकळं वगैरे काही वाटलं नाही. पुढचे कितीतरी महिने मी थाऱ्यावर नव्हते. मार्शाच्या ओळखीने ऑफिसात दुसऱ्या मजल्यावरच्या टीममध्ये बदली घेतली, तरी जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज ओळखायचे. दोनदा तर रविवारी त्याच्याकडे जायला निघाले. रीडिंगच्या अलीकडेच वोकिंगहॅमला उतरले, पूल ओलांडून समोरच्या फलाटावर गेले आणि परत आले. दुसऱ्यांदा तिथे बाकावर बसून सफरचंद खाल्लं. बस, तेवढंच केलं. पण तिसऱ्यांदा निघाले नाही.

मग कॉलिंग कार्ड घेऊन बाबांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. समीर, रीडिंग, एकत्र राहणं, सगळं. ते एवढंच म्हणाले, "आईला देतो." आई रडली, रागावली, मग म्हणाली, "पोरी, एकटीच सहन करून राहिली होती का इतके दिवस?" बाबा मात्र फोनवर यायचे नाहीत. कधी बाहेर गेलेले असायचे, कधी झोपलेले. सहा-सात महिने असे गेले. समोर बसून रागावले असते तर बरं झालं असतं.

चौदा एप्रिलला आंटी मला साउथॉलच्या एका हॉलमध्ये जयंतीला घेऊन गेल्या. पंजाबी बायका, पंजाबी गाणी, निळे झेंडे, छोले आणि जिलेबी. मी कोपऱ्यात उभी होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. पलीकडे बँड, फटाके, घोषणा. त्या सगळ्यातून बाबांचा आवाज, "ऐकू येऊन राहिलं का? मिरवणूक आपल्या चौकात आली." मी माझा फोन हॉलच्या दिशेने धरला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अरे, तिकडेही आहेत का आपले?" समीरबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि नंतरही कधी बोलले नाहीत. पण दर रविवारी फोनवर यायला लागले.

समीरने पुढे पुण्यातल्या मुलीशी लग्न केलं. मी आंटींच्या बॉक्स रूममध्ये दोन वर्षं राहिले, मग एकामागून एक चार भाड्याच्या जागा. नोकरी बदलली, व्हिसा बदलला. कुठल्याच भिंतीत मी खिळा ठोकला नाही. नागपूरला गेले की दहाव्या दिवशी परत यावंसं वाटायचं, आणि इथे उतरले की विमानतळावरच नागपूर आठवायचं. तुम्ही फोनवर विचारता, आता सेटल झालीस ना? मी हो म्हणते. खरं उत्तर मला बरीच वर्षं माहीत नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात आईबाबा सहा आठवड्यांसाठी आले. माझा हाउन्सलोतला छोटा फ्लॅट, दुसरा मजला, लिफ्ट नाही. पहिले चार दिवस बाबा सोफ्याच्या कडेवर बसायचे, पाहुण्यासारखे. मग एकटे पार्कात जायला लागले. आंटींशी आपल्या हिंदीत तासन्‌तास गप्पा मारायला लागले. आईने तर माझ्या स्वयंपाकघरातले डबे तिच्या हिशोबाने लावून टाकले.

एका सकाळी मी ऑफिसची तयारी करत होते. बाबा बाल्कनीच्या दारात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांच्या नव्या मोबाइलवर नागपूरहून त्यांच्या मित्राचा फोन आला. काका इतके जोरात बोलत होते की मला आतपर्यंत ऐकू आलं. "कुठे आहेस रे? कामात नाही ना?"

"नाही, नाही," बाबा म्हणाले. "घरीच आहे. बोल."

मी इतकी वर्षं इथे आहे. फोनवर मी कायम 'रूमवर आहे' म्हणत आले, नंतर 'फ्लॅटवर आहे'. या माणसाला येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, आणि त्याने 'घरीच आहे' असं सहज म्हणून टाकलं, वर्तमानपत्राचं पान उलटता उलटता. मी दारात तशीच उभी राहिले. ट्रेन गेली तरी चालेल, असं वाटलं. आत जाऊन मी त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठी पुन्हा चहा ठेवला.