आमच्या ह्यांचा हिरवा चहा

आमच्या ह्यांना शुगर निघाली, तेव्हा धक्का त्यांच्या तब्येतीपेक्षा अब्रूला जास्त बसला. जन्मभर ऊस लावलेला माणूस, साखर कारखान्याचा सभासद, आणि आता चहात चिमूटभर साखर चालायची नाही. गावात कुणाला सांगायचं नाही, अशी मला ताकीद होती. रोज सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात मित्रांबरोबर चहाला जायचे, तेही बंद केलं. चहाला नाही म्हटलं की कारण सांगावं लागतं, म्हणून हे घरातच बसायला लागले. घरात बसले ते बसले, वर मला डब्यांच्या जागा बदलायला सांगू लागले. शेवटी मी ह्यांच्या भाचीला पुण्याला फोन लावला.

ती कंपनीच्या कामासाठी चीनला जाऊन आली होती. तिने तिकडच्या हिरव्या चहाचा डबा पाठवला. पानं अख्खी, चपटी, वाळलेली. "मामी, उकळतं पाणी घालू नकोस. जरा निवू दे, मग पानांवर ओत," तिने बजावलं होतं. पण उकळल्याशिवाय चहा होतो हे मी कसं मानू? पातेल्यात पानं टाकली, आलं ठेचलं आणि खळखळा उकळला. हे काढा प्यावा तसे प्याले आणि "बरा हाय" म्हणाले. माझ्या हातच्या कशालाही नावं ठेवायची त्यांची छाती नाही. पण दुसरा कप मागितला नाही, त्यावरून मी काय ते समजले.

मग भाचीचं ऐकलं. काचेच्या पेल्यात पानं टाकून निवलेलं पाणी ओतलं. पानं सावकाश उमलत तळाशी गेली, पाणी फिकट पोपटी झालं, आणि कोवळा हुरडा भाजताना येतो तसा वास आला. पहिल्या घोटाला काहीच चव लागली नाही, गिळल्यावर मात्र जिभेवर गोडसर काहीतरी राहिलं.

"साखर घातली का गं?" ह्यांनी संशयाने विचारलं.

त्याच पानांवर तीनदा पाणी घालता येतं. त्यातलं दुसरं पाणी सगळ्यात चांगलं, यावर आमचं एकमत झालं. लग्नानंतरचं बहुतेक पहिलंच. रोज सकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसून पिऊ लागलो.

महिन्याभराने ह्यांचा एक मित्र चौकशीला आला. मी त्याच्यापुढेही तोच चहा ठेवला. त्याने पेल्यात पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हळू आवाजात विचारलं, "वहिनी, कोन गेलं?"

आमच्याकडे बिनदुधाचा चहा मयताच्या घरी देतात, हे मी साफ विसरले होते. मला हसू आवरेना. हे मात्र खाली बघत म्हणाले, "कुनी गेलं न्हाई रे. मला शुगर निघालीय."

मित्राने तोंड वाकडं करत पेला संपवला. "एवढ्यासाठी लपून बसला व्हय? उद्यापासून ये. नुस्तं पानी पी, पन ये. तुझ्या खुर्चीवर आमी कुनाला बसू दिलं न्हाई."

ह्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि चहा लई गरम असल्याचं सांगितलं. चहा कोमट होता.

दुसऱ्या दिवशी सहालाच हे चपला घालून गेले. मी सवयीने दोन पेले भरले होते, ते दोन्ही मीच प्याले. हा माणूस एकदाचा घराबाहेर पडावा म्हणून महिनाभर देवाला विनवलं होतं. तो गेला याचं बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, आठ वाजेपर्यंत मी रस्त्याकडेच बघत होते.